परदेशी स्पोर्ट्स गाडीचा बंपर: तो तसा का आहे आणि नवख्याने तो कसा तपासावा

अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७५ सालच्या बीएमडब्ल्यू २००२ चे छायाचित्र त्याच वर्षी जर्मनीत विकल्या गेलेल्या २००२ च्या छायाचित्राशेजारी ठेवले, तर गाडी एकच असूनही चेहरे वेगळे दिसतात. जर्मन गाडीचा क्रोमचा बारीक बंपर अंगाला चिकटून आहे, तर अमेरिकी गाडीचा बंपर जाड असून वीतभर पुढे आलेला आहे. या फरकामागे कोणा रेखाटनकाराची आवडनिवड नाही, अमेरिकेचा संघीय नियम आहे. युरोप आणि जपानमधून अमेरिकेत आलेल्या बहुतेक वेगवान गाड्यांच्या दर्शनी भागावर या नियमाने काही ना काही खूण सोडलेली आहे. अशी गाडी विकत घेणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला किंवा तिचा बंपर बदलू पाहणाऱ्याला ती खूण वाचता यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नवख्या माणसाचा साधारण समज असा असतो की बंपरचा आकार तो किती जोराचा धक्का सोसणार यावर ठरतो. हा समज निम्माच खरा आहे. धक्का जमिनीपासून किती उंचीवर बसणार, हा प्रश्न आकाराच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतो, आणि बुटक्या, निमुळत्या नाकाच्या गाड्यांना नियमाचा सर्वाधिक त्रास झाला तो याच कारणाने.

पहिली पायरी: गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते पाहावे

बंपरकडे पाहण्याआधी चालकाचे दार उघडावे. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या गाडीच्या दारावर किंवा दाराच्या खांबावर निर्मात्याचे प्रमाणपत्र-लेबल असते. त्यावर निर्मितीचा महिना व वर्ष असते, आणि त्या तारखेला लागू असलेल्या संघीय मानकांनुसार ही गाडी बनवली आहे असे विधान असते. अलीकडच्या काही दशकांतील प्रवासी मोटारींच्या लेबलवर या विधानात सुरक्षिततेबरोबर बंपर मानकाचाही स्पष्ट उल्लेख आढळतो. एसयूव्हीसारख्या बहुउपयोगी वाहनांच्या लेबलवर मात्र ‘बंपर’ हा शब्द नसतो, कारण संघीय बंपर मानक केवळ प्रवासी मोटारींना लागू आहे. त्यामुळे कितीही वेगवान असली तरी पोर्शे कायेन या मानकाच्या कक्षेबाहेर राहते आणि त्याच कंपनीची ९११ त्यात येते.

लेबल नसेल किंवा ते परभाषेत असेल, तर गाडी मुळात दुसऱ्या देशासाठी बनलेली असण्याची शक्यता मोठी आहे. पोर्शे, आऊडी आणि फोक्सवागन यांच्या सतरा अक्षरी चासी क्रमांकात चौथ्या ते सहाव्या जागी ‘झेड-झेड-झेड’ अशी भरतीची अक्षरे दिसली, तर ती गाडी उत्तर अमेरिकेसाठी बनलेली नाही असे समजावे. ही गाडी अमेरिकेत कशी आली, हा पुढचा प्रश्न. निर्मितीला २५ वर्षे पूर्ण झालेली गाडी संघीय सुरक्षा मानकांची पूर्तता न करताही आयात करता येते, म्हणून १९८९ सालच्या निसान स्कायलाइन जीटी-आर २०१४ पासून आपल्या मूळ जपानी बंपरसह तिथे येऊ लागल्या. त्याहून नवी गाडी आणायची असेल, तर १९८८ च्या कायद्यानंतर हे काम नोंदणीकृत आयातदारामार्फतच करावे लागते, आणि अशा गाडीत अमेरिकी आवृत्तीचा बीम (बंपरच्या आतला आडवा मजबूत पट्टा) व धक्काशोषक बसवणे हा अनेकदा कामाचा भाग असतो. १९८० च्या दशकात खासगी मार्गाने आलेल्या गाड्यांची बंपरजोडणी मात्र गाडीगणिक वेगळी आढळते. त्यातली काही कामे सुबक आहेत, तर काही ठिकाणी नुसती लोखंडी पट्टी वेल्डिंग करून वर रबर चिकटवलेले असते.

दुसरी पायरी: तारखेवरून नियम ठरवावा

नियमाचा इतिहास थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण गाडीच्या निर्मितीच्या तारखेला जो नियम लागू होता त्यानुसारच तिचा बंपर घडलेला असतो.

१ सप्टेंबर १९७२ पासून, म्हणजे १९७३ च्या मॉडेल वर्षापासून, संघीय मानक क्रमांक २१५ लागू झाले. स्थिर भिंतीवर पुढून ताशी ५ मैल आणि मागून ताशी अडीच मैल वेगाने आदळल्यावर दिवे, इंधनव्यवस्था, रेडिएटर यांसारख्या सुरक्षिततेशी संबंधित भागांना इजा होता कामा नये, अशी त्याची अट होती. पुढच्या मॉडेल वर्षी मागची मर्यादाही ताशी ५ मैलांवर गेली आणि बहुतेक गाड्यांना लोलकाची चाचणी लागू झाली. या चाचणीत गाडीच्याच वजनाचा लोलक ठरावीक उंचीवर, समोरून व कोपऱ्यांवर आपटला जातो. १९७२ च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने ग्राहकाचा दुरुस्तीखर्च कमी व्हावा यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्यातून आलेले ‘भाग ५८१’ हे मानक १९७९ च्या मॉडेल वर्षापासून लागू झाले. यात सुरक्षेबरोबर पत्र्याचाही विचार आला. आधी बंपर सोडून बाकीच्या अंगाला इजा नको असे म्हटले गेले, आणि १९८० च्या मॉडेल वर्षापासून खुद्द बंपरलाही ठरावीक मर्यादेपलीकडे पोचा पडू नये अशी अट आली. बंपरच्या बाबतीत सर्वांत कडक काळ तो हाच.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने बंपरच्या चाचणीतला धक्क्याचा वेग निम्म्यावर आणला. १९८३ च्या मॉडेल वर्षापासून समोरासमोरच्या धक्क्यासाठी ताशी अडीच मैल आणि कोपऱ्यासाठी दीड मैल पुरेसे ठरले, आणि खुद्द बंपरला होणाऱ्या इजेवरील अट काढून टाकण्यात आली. हाच नियम आजही लागू आहे. कॅनडाने मात्र ताशी ८ किलोमीटरची, म्हणजे सुमारे ५ मैलांची, अट पुढे बरीच वर्षे कायम ठेवली. त्यामुळे उत्तर अमेरिकेसाठी एकच आवृत्ती बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकी सवलतीचा पूर्ण लाभ घेता येत नसे.

वेग निम्मा झाल्याने काय फरक पडतो, हे आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. १२०० किलो वजनाची गाडी ताशी ५ मैलांनी आदळते तेव्हा सुमारे ३००० ज्यूल ऊर्जा शोषावी लागते, तर अडीच मैलांना फक्त ७५० ज्यूल. आतल्या आधारांवर सरासरी ३०,००० न्यूटनहून अधिक बल येऊ द्यायचे नसेल, तर पहिल्या स्थितीत बंपरला १० सेंटिमीटर आत सरकण्याची जागा हवी, दुसऱ्या स्थितीत अडीच सेंटिमीटर पुरते. सत्तरच्या दशकातील बंपर अंगापासून इतके दूर का उभे राहिले आणि नंतरच्या गाड्यांत तीच जागा प्लॅस्टिकच्या आवरणामागे कशी मावली, याचे उत्तर या हिशोबात आहे.

एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. नियम शिथिल झाला त्याच वर्षी बंपर बदलले, असे गृहीत धरू नये. साचे तयार असतात, चाचण्या झालेल्या असतात, आणि विमा कंपन्याही हलक्या बंपरवर खूश नसतात. बीएमडब्ल्यूच्या ई-३० मालिकेचे पुढे आलेले ॲल्युमिनियम बंपर नियम सैल झाल्यानंतरही काही वर्षे अमेरिकेत विकले जात राहिले.

तिसरी पायरी: टेप घेऊन उंची मोजावी

लोलकाची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या, म्हणजे साधारण ४०६ ते ५०८ मिलिमीटरच्या पट्ट्यात घेतली जाते. दोन वेगवेगळ्या गाड्या एकमेकींवर आदळल्या तर बंपरला बंपरच भिडावा, एक गाडी दुसरीच्या खाली किंवा वर जाऊ नये, असा यामागचा सरळ तर्क आहे. सेडान गाडीला हा पट्टा सहज मिळतो. हवेचा विरोध आणि गुरुत्वमध्य कमी राखण्यासाठी ज्या गाडीचे नाक मुद्दाम खाली ओढलेले असते, तिच्या बाबतीत मात्र २० इंचांवर बहुधा बॉनेटचा उतार किंवा दिव्याची काच येते. लोलकाने त्या भागाला स्पर्श करण्याआधी त्याला काहीतरी मजबूत लागले पाहिजे, म्हणून बंपर पुढे काढावा लागतो किंवा वर उचलावा लागतो.

लॅम्बोर्गिनी कुंटाशच्या अमेरिकी क्वात्रोव्हालव्होले आवृत्तीवर बसवलेला पुढचा काळा बंपर हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. ही आवृत्ती आली तोपर्यंत नियम अडीच मैलांवर उतरलेला होता. एवढ्या किरकोळ धक्क्यासाठी इतका अवजड तुकडा कशाला, असा प्रश्न गाडी पाहणाऱ्याला पडतो. पाचरीसारखे खाली उतरणारे ते नाक आणि चाचणीचा पट्टा जुळत नाहीत, हे ध्यानात घेतले की उत्तर मिळते. बंपर नाकाच्या पुढे आहे त्यापेक्षा तो नाकाच्या वर बसवलेला आहे, हे बाजूने पाहिल्यास स्पष्ट होते.

एमजीबीच्या निर्मात्यांनी दुसरा मार्ग धरला. १९७४ च्या उत्तरार्धात त्यांनी क्रोम काढून पोलादी गाभ्यावर काळ्या पॉलियुरेथेनचे जाड बंपर बसवले, आणि उंचीच्या अटींत बसण्यासाठी संपूर्ण गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. खर्च वाचवण्यासाठी काही काळ पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा, काढून टाकला गेला. परिणामी वळणावर गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली. बंपरच्या नियमाने गाडीची चालच बदलल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणूनच रबरी बंपरची एमजीबी घेणाऱ्याने बंपरइतकेच लक्ष सस्पेन्शनच्या उंचीकडे द्यावे. क्रोम बंपर लावून घेतला आणि उंची तशीच ठेवली, तर गाडी अवघडलेली दिसते आणि चालतेही तशीच.

गाडी कमी उंचीच्या स्प्रिंगांवर बसवलेली असेल, तर मोजताना हे विसरू नये की चाचणी कारखान्याच्या मूळ उंचीला झालेली होती. दोन इंच खाली आणलेल्या गाडीचा बीमही दोन इंच खाली गेलेला असतो, आणि समोरच्या वाहनाचा बंपर त्याच्यावरून सरकून थेट हेडलाइटवर येऊ शकतो. एसयूव्हींना हे मानकच लागू नसल्याने त्यांच्या बंपरची उंची कशीही असू शकते, त्यामुळे हा धोका रस्त्यावर आणखी वाढतो.

चौथी पायरी: आवरणामागे काय आहे ते पाहावे

बाहेरून दिसतो तो बहुधा केवळ आवरणाचा भाग असतो. जुन्या पद्धतीत पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा बंपर दोन हायड्रॉलिक शोषकांवर बसवलेला असे. धक्का बसला की तो आत जाई आणि आपोआप मूळ जागी परत येई. पोर्शेने १९७४ च्या मॉडेल वर्षासाठी ९११ मध्ये हीच व्यवस्था इतक्या सफाईने केली की ती पुढे दीड दशक टिकली. ॲल्युमिनियमचा बंपर गाडीच्या रंगात रंगवला, आणि तो आत सरकण्यासाठी लागणारी फट हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांच्या रबराने झाकली. अमेरिकी गाड्यांना हायड्रॉलिक शोषक मिळाले. इतर बाजारांत साधारणपणे त्यांच्या जागी चेपणाऱ्या नळ्या होत्या, आणि त्या एका धक्क्यानंतर बदलाव्या लागत. बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात, म्हणून सुटा भाग मागवण्यापूर्वी आतली जोडणी डोळ्यांनी पाहून घ्यावी.

१९७७ मध्ये सादर झालेल्या ९२८ ने पुढची दिशा दाखवली. तिच्या बंपरवर गाडीच्याच रंगाचे लवचीक पॉलियुरेथेनचे आवरण होते, आणि वेगळा बंपर असा दिसतच नव्हता. आजच्या गाड्यांत हीच रचना थोड्या फरकाने आढळते: बाहेर प्लॅस्टिकचे आवरण, त्यामागे फोम, त्यामागे आडवा बीम, आणि बीम व चासीच्या मधे चिरडून ऊर्जा शोषणारे दोन क्रॅश बॉक्स. जपानी बाजारासाठीच्या गाड्यांत आतला बीम अमेरिकी आवृत्तीपेक्षा अनेकदा हलका असतो, त्यामुळे जपानी दर्शनी भाग अमेरिकी गाडीला लावू पाहणाऱ्यांना बीमची भोके आणि आवरणाची खोली जुळत नसल्याचा अनुभव येतो.

तपासणी करताना पुढील बाबी पाहाव्यात. दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल, तर एक शोषक आत अडकलेला असू शकतो किंवा त्याचा आधार वाकलेला असू शकतो. शोषकाभोवती तेलाचे ओघळ असतील, तर तो निकामी झाला असे समजावे. भात्याच्या रबराला भेगा असतील, तर आत पाणी शिरून आधाराच्या पट्ट्या गंजल्या आहेत का ते पाहावे. आवरण उतरवता आले, तर फोम तुटलेला नाही ना आणि क्रॅश बॉक्सवर सुरकुती पडलेली नाही ना, हे आवर्जून पाहावे. आवरण लवचीक असल्याने धक्क्यानंतर ते पूर्ववत होते आणि आतली मोडतोड लपून राहते. जुनी गाडी विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

आत अडकलेल्या हायड्रॉलिक किंवा वायूयुक्त शोषकाला कधीही भोक पाडू नये, त्याला गॅसची ज्योत लावू नये, आणि त्याच्यासमोर उभे राहून बोल्ट सोडवू नयेत. आत दाब साठलेला असतो, आणि बंपर अचानक झेपावल्यास गंभीर इजा होऊ शकते. हे काम अनुभवी कारागिरावर सोपवणे इष्ट.

पाचवी पायरी: दिवे, कडा आणि नंबरप्लेट

बंपरच्या टोकांना पुढे अंबर आणि मागे लाल बाजूचे दिवे किंवा परावर्तक असतील, तर गाडी अमेरिकी आवृत्तीची असण्याचा तो चांगला पुरावा आहे. १९७० पासून तिथे दोन्ही सक्तीचे आहेत. युरोपीय आवृत्तीत त्यांच्या जागी बहुधा सपाट पृष्ठभाग असतो, आणि मागच्या बंपरमध्ये किंवा दिव्यात लाल फॉग लॅम्प असतो, जो अमेरिकेत आवश्यक नाही. युरोपची नंबरप्लेट ५२० बाय ११० मिलिमीटर, अमेरिकेची १२ बाय ६ इंच, म्हणून बंपरमधील खोबणीचा आकारही बदलतो. युरोपीय नियमांनुसार बंपरच्या बाहेरच्या टणक पृष्ठभागाची वक्रता किमान ५ मिलिमीटर त्रिज्येची हवी आणि बंपरची टोके अंगाकडे वळवलेली हवीत. बाजारात मिळणारे धारदार स्प्लिटर, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेला लावायच्या पुढे आलेल्या पट्ट्या, अनेकदा या अटीत बसत नाहीत.

सहावी पायरी: पादचाऱ्यासाठी केलेली तजवीज ओळखावी

२००५ नंतर युरोपात नव्याने मान्यता घेणाऱ्या गाड्यांना वेगळीच कसोटी लागू झाली. येथे गाडीच्या पत्र्याऐवजी समोर येणाऱ्या माणसाचा पाय वाचवायचा असतो. चाचणीत पायाची प्रतिकृती ताशी ४० किलोमीटर वेगाने बंपरवर सोडली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२७ मध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला जास्तीत जास्त २२ मिलिमीटरचा ताण चालतो. ही मर्यादा पाळण्यासाठी बीमपुढचा फोम मऊ आणि खोल ठेवावा लागतो, आणि पाय गाडीखाली ओढला जाऊन गुडघा मोडू नये म्हणून बंपरच्या अगदी खालच्या कडेला दुसरी आडवी पट्टी द्यावी लागते. बुटक्या स्पोर्ट्स गाड्यांची हनुवटी गेल्या वीस वर्षांत भरीव आणि उभट होत गेली, त्यात या पट्टीचा मोठा वाटा आहे.

अमेरिकी मानकाला इजा न होणारा ताठ बंपर सोयीचा, तर पादचाऱ्याला दबणारा बंपर सोयीचा. एकाच नाकात दोन्ही साधायचे म्हणजे खोली वाढवावी लागते, आणि नाक लांबवले की वजन पुढे जाते. म्हणून काही निर्माते एकाच आवरणामागे बाजारानुसार वेगळा फोम किंवा वेगळा बीम वापरतात. अमेरिकेत पादचारी संरक्षणाचा प्रस्ताव महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये मांडला, पण त्याचा रोख बॉनेटवर आपटणाऱ्या डोक्यावर आहे. बॉनेट उचलून धरणाऱ्या यंत्रणा युरोपीय नियमांमुळे आधीच आल्या होत्या. २००६ च्या जग्वार एक्सकेमध्ये धडक ओळखणारे सेन्सर बंपरमध्येच बसवलेले होते.

सातवी पायरी: बदल करण्यापूर्वी

अमेरिकी गाडीला युरोपीय बारीक बंपर लावण्याची इच्छा सहसा सौंदर्यापोटी होते, आणि सत्तरच्या दशकातील गाड्यांच्या बाबतीत ती मला समजते. कायद्याच्या दृष्टीने बंपर मानक नव्या गाडीच्या निर्मितीशी, आयातीशी आणि पहिल्या विक्रीशी निगडित आहे. पुढे मालक काय करू शकतो, हे मुख्यतः राज्याच्या नियमांवर आणि तपासणीवर अवलंबून असते, म्हणून आपल्या राज्यातील बंपरच्या उंचीचा नियम आधी वाचून घ्यावा. बाजूचे दिवे व परावर्तक यांचे मात्र वेगळे आहे. ते सुरक्षा मानकाचा भाग असल्याने व्यावसायिक गॅरेजने ते जाणूनबुजून निकामी करणे बेकायदा ठरते. बंपर बदलताना ते अन्यत्र बसवण्याची सोय हवी.

नव्या गाडीत अडचणी अधिक आहेत. एअरबॅगचे पुढचे सेन्सर, अंतर मोजणारा रडार आणि पार्किंगचे सेन्सर आवरणाच्या मागे असतात, आणि रडारसमोर पुट्टी किंवा धातुकणांच्या रंगाचा जाड थर बसला तर त्याची नजर मंदावते. पर्यायी आवरण घ्यायचे असल्यास मूळ बीम, फोम आणि खालची पट्टी जागच्या जागी बसतात ना, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. उतरवलेले मूळ भाग, विशेषतः शोषक आणि भात्याची रबरे, टाकून देऊ नयेत. जुन्या गाड्यांसाठी ती मिळेनाशी होत चालली आहेत, आणि पुढचा ग्राहक बहुधा मूळ स्वरूपातील गाडीच मागतो.